आरोग्याच्या चार गोष्टी : पाणी प्यालं तरी अंगी लागतं?

“आमचं घराणंच अंगाने थोराड, पाणी प्यालं तरी अंगी लागतं,” असं आपण हसत म्हणतो. त्यात थोडं तथ्य आहे. २००७ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ३९ हजार लोकांची तपासणी करून एफटीओ नावाच्या जीनमधला एक बारीकसा फरक शोधला. तो आई आणि बाप, दोघांकडून आला तर मोठ्या माणसाचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. अशा मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते, असं २००८ साली दिसलं. असे शेकडो फरक वजनाला थोडा थोडा हातभार लावतात.

म्हणून आजी-आजोबांनो, नातवाला ‘खादाड’ म्हणून चिडवू नका. भूक त्याने मागून घेतलेली नाही. आणि बाळांनो, ‘नशिबातच आहे’ म्हणून बसून राहू नका. २०११ साली दोन लाखांवर मोठ्या माणसांची माहिती पडताळली, तेव्हा हालचाल करणाऱ्यांत या जीनचा जोर सुमारे पाव हिश्शाने कमी दिसला. तेव्हा संध्याकाळी आजोबांचा हात धरून एक फेरी मारा, आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी जरा थांबा.