जागरणानंतरची सकाळ

लोकप्रिय चित्रपटाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात एक सूक्ष्म तुच्छताभाव असतो. जे पुष्कळांना रुचते ते सुमारच असावयाचे, असा काहीसा तो समज. परंतु एरवी स्वतःच्या करमणुकीसाठी सहसा उंबरठा न ओलांडणाऱ्या स्त्रिया जेव्हा मैत्रिणी, जावा, नणंदा यांना बरोबर घेऊन चित्रपटगृहाकडे लोटतात, तेव्हा त्यांना तेथे काय गवसले, हे पाहणे अगत्याचे ठरते. अलीकडच्या तीन मराठी व एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' २०२१ साली आला, केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' २०२३ साली आणि परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' २०२४ साली. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या चित्रपटाचे नाव मंगळागौरीच्या खेळांतून उचललेले आहे; दुसऱ्याच्या तर कथेचाच कणा मंगळागौर हा आहे. हा योगायोग म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने पूजा करावी, आणि रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा यांनी अंगण दणाणून सोडावे, अशी ही जुनी रीत. इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील आपल्या मराठी घरांतून ती आजही टिकून आहे. सासुरवाशिणीला मोठ्याने हसण्याची, थट्टेच्या आडून सासरचे उणे काढण्याची आणि घामाघूम होईपर्यंत नाचण्याची मुभा देणारी ती एक रात्र. 'नाच गं घुमा' या खेळातली स्त्रीसुद्धा आनंदाने नाचावयास उठत नाही. आपल्यापाशी अमुक नाही, तमुक नाही, मग नाचू कशी, असा तिचा सवाल असतो. खेळाच्या मिषाने आपल्या उणिवांची यादी बाईने चारचौघींत वाचून दाखवावी, ही त्यातली मर्माची गोष्ट.

'झिम्मा'तील सात स्त्रिया इंग्लंडच्या सहलीला निघतात. निरनिराळ्या वयाच्या नि स्वभावाच्या या सातजणी परक्या भूमीवर प्रथमच स्वतःच्या मर्जीने जेवतात, भांडतात, हसतात. 'बाईपण भारी देवा'मध्ये परस्परांपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांच्यासारख्या मुरलेल्या अभिनेत्रींनी या बहिणींची जुनी अढी आणि तिच्याखाली दडलेली माया फार समजुतीने रंगविली आहे. प्रौढ स्त्रीला आई किंवा सासू याखेरीज काही अस्तित्व असते, हे मराठी पडद्याने इतक्या मोकळेपणी क्वचितच दाखविले होते. ३० जून २०२३ रोजी, श्रावणाच्या तोंडावर, हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि नऊवारी नेसून घोळक्याने चित्रपटगृहात शिरणाऱ्या स्त्रियांचे दृश्य गावोगाव दिसले. त्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि एक शंका मनातून जात नाही. सहल संपते, स्पर्धेचे बक्षीस वाटले जाते, डोळे पाणावतात आणि चित्रपट थांबतो. जागरण झाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक कोणी मळली? मंगळागौरीच्या रात्रीचे जे सामर्थ्य तीच तिची मर्यादा. ती रात्र बाईला मोकळे करते आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी आणून सोडते. दोन्ही चित्रपटांनी या रात्रीचे चैतन्य तर घेतलेच, तिची मर्यादाही नकळत घेतली.

'नाच गं घुमा' या दृष्टीने एक पाऊल पुढे जातो. नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी कामाला येणाऱ्या आशाताई या दोघींची ही कथा. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांची जुगलबंदी हसवून पुरेवाट करते. परंतु हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. आशाताई वेळेवर आल्या तरच राणी वेळेवर कचेरीत पोहोचते. एका स्त्रीच्या मोकळेपणाचा भार दुसरीच्या पाठीवर असतो, आणि त्या दुसरीला तिचे स्वतःचेही घर असते. चित्रपटाचा शेवट गोड आहे, तसा तो असावयाचाच. मात्र गोडव्याखालचा हिशेब त्याने दडवून ठेवलेला नाही. अवघडलेपणा आहे तो निराळ्याच ठिकाणी: हा हिशेब दोन बायकांनी आपसांत मिटवावयाचा, असे आपण सारे गृहीत धरून चालतो. घरातील पुरुष त्या हिशेबात धरलेलाच नसतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. तिच्यानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्क्यांहून अधिक जणी दररोज बिनमोबदल्याचे घरकाम करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. जे हे काम करीत, त्यांतील स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषाची ९७. शाळेचा हजेरीपट चाळणाऱ्याला या आकड्यांचे नवल वाटत नाही. आई आजारी पडली की थोरल्या मुलीची शाळा बुडते. थोरल्या मुलाची सहसा बुडत नाही.

म्हणूनच किरण राव यांचा 'लापता लेडीज' (२०२४) हा हिंदी चित्रपट मला या तिघांच्या पंक्तीत बसवावासा वाटतो. आगगाडीत दोन घुंगटधारी नववधूंची अदलाबदल होते, एवढ्याशा प्रसंगातून तो उभा राहतो. आपल्याच मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात त्याचे चित्रीकरण झाले. स्टेशनावर चहाचा ठेला चालविणारी मंजू माई छाया कदम या मराठी अभिनेत्रीने साकारली आहे. वाट चुकलेल्या फूलला ती नुसता आसरा देत नाही. कामाला लावते आणि तिने केलेल्या कलाकंदाचे पैसे तिच्या हातावर ठेवते. जे काम घरात धर्म म्हणून फुकट करावयाचे, त्याचे मोल त्या मुलीला प्रथमच कळते. दुसरी वधू, जया, शेतीचे शिक्षण घेण्यासाठी निघून जाते. येथे जागरणाची एकच रात्र नाही. पुढच्या सकाळची तजवीज आहे.

मराठी चित्रपटाला हा प्रश्न अपरिचित होता असे नव्हे. १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मधील सुलभा घराबाहेर पडली, तेव्हा परतण्याची वाट तिच्यासाठी तशीच राहिली नाही. स्मिता पाटील यांच्या मुद्रेवरील तो एकाकीपणा आजही अस्वस्थ करतो. त्या चित्रपटाने सकाळ दाखविली, पण ती फार कठोर होती. आजच्या चित्रपटांनी रात्र दाखविली, ती फार गोड आहे. या दोहोंच्या मधली, रोजच्या सवयीची सकाळ रंगविणारा एखादा लोकप्रिय मराठी चित्रपट यावा, अशी अपेक्षा बाळगावयास हरकत नाही.

तोवर पुरुष वाचकांनी एक करून पाहावे. घरातील मंडळी असा चित्रपट पाहावयास गेली असता त्या परतण्यापूर्वी खिचडीचा कुकर लावून ठेवावा, आणि जेवणे झाल्यावर तो घासूनही टाकावा. कथानक आवडले का, हे त्यानंतर विचारावे.