गळा तोच, बाज वेगळा

मंडळी, गायकानं आपला बाज बदलला की सगळ्यांत आधी चिडतात ते त्याचे जुने चाहते. "विकला गेला", "बाजारू झाला"... पुण्याला शिकणारा आमचा नातू परवा एका इंग्रजी रॉक गायकाबद्दल असाच तावातावानं बोलत होता. त्यानं बँड सोडून एकट्याचा अल्बम काढला आणि त्यात म्हणे गिटारीऐवजी नाचाचा ठेका! मला त्यातलं फारसं कळत नाही. मला आठवले ते आपले नंदू भेंडे.

नव्या पिढीला हे नाव कदाचित माहीत नसेल. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकलावंत दांपत्याचे ते चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी आणि मुलाच्या गळ्यात इंग्रजी रॉक! १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते ज्यूडास झाले. चारच वर्षांनी, १९७८ साली, पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश म्हणून मराठी प्रेक्षकांसमोर उभे राहिले. आणि १९८२ साली 'डिस्को डान्सर'मध्ये चक्क कृष्णाला हाक मारणारं डिस्को गाणं! २०१४ साली ते गेले.

आता सांगा, यातले खरे नंदू भेंडे कुठले?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 'तीन पैशाचा तमाशा'चंच बघा ना. मूळ नाटक लंडनमधलं, १७२८ सालचं. दोनशे वर्षांनी ब्रेख्तनं ते बर्लिनमध्ये नव्यानं उभं केलं. आणखी पन्नास वर्षांनी ते मराठीत आलं आणि त्यात नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि पाश्चात्य पॉप शेजारी शेजारी नांदले. गोष्टीनं तीनदा कपडे बदलले, म्हणून ती खोटी झाली का? मग माणसानंच एका सुरात जन्म का काढावा? आपले भीमसेनजी ख्यालही गायले आणि अभंगही. दोन्हीकडे गळा तोच होता.

डिस्को मला स्वतःला आवडत नाही. न ऐकण्याचा हक्क मला आहेच. पण मला आवडलं नाही म्हणून गायकाला बेइमान ठरवायचा हक्क मला कुणी दिला?

ही गोष्ट आमच्या धाराशिवकडे फार जवळून दिसते. तुळजाभवानीचा हा मुलूख, लग्नानंतर घरोघरी गोंधळ. संबळाचा कडकडाट आणि गोंधळ्याचा तो चढा, फाटका आवाज ऐकला की वाटतं, रॉकवाले याहून वेगळं काय करतात? पण गोंधळ्याला बिदागी देताना आपला हात आखडतो. मग त्याच्याच पोरानं बँजो पार्टीत कॅसिओ धरला, की "परंपरा बुडाली" म्हणून गळा काढायला आपणच पुढे! त्या पोराला घर चालवायचं आहे. आणि खरं सांगायचं तर ते कॅसिओ वाजवतानाही त्याची बोटं संबळाच्याच ठेक्यावर पडतात. कान देऊन ऐकलं तर कळतं.

माझी कसोटी एवढीच : बाज बदलल्यावर गाण्यात माणूस शिल्लक आहे का? असेल तर बदल हा त्याचा हक्क. नसेल, तर जुन्याच बाजात राहूनही तो हरवलेलाच.

असो. नातवाला हे पटलेलं नाही. तुम्हाला पटतंय का, जरूर सांगा.