पुठ्ठ्याचा रणगाडा

वस्तीत पालक विचारतात, “दादा, पोरगा पुठ्ठ्याचे रणगाडे करीत बसतो. आपण बुद्धाचे अनुयायी, घरात ही युद्धाची खेळणी कशाला?” प्रश्न रास्त आहे. ‘युद्ध नको, बुद्ध हवा’ ही घोषणा आपणच देतो. तरीही पुठ्ठा हिसकावून घेण्यापूर्वी थोडा विचार करू या.

पहिला रणगाडा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर. इंग्रजांच्या त्या रणगाड्याचे नाव ‘मार्क वन’. तो घडवणारी लिंकन शहरातील फॉस्टर कंपनी युद्धापूर्वी मळणीयंत्रे बनवीत असे. गुप्तता राखण्यासाठी ‘पाण्याच्या टाक्या बनतात’ असे सांगितले गेले. ‘टँक’ हे नाव तेथून पडले.

मागची चाके सोडून मार्क वनची लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी ४.२ मीटर आणि उंची २.४ मीटर होती. १:३५ प्रमाणाने प्रतिकृती २३ सेंटीमीटर लांब, १२ रुंद आणि ७ उंच होते. हा भागाकार मुलालाच करू द्या. महागडे किट नको. कलत्या चौकोनासारख्या दोन सारख्या बाजू कापाव्यात व मध्ये आडवे पुठ्ठे चिकटवावेत. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की चाकांवरचा साखळीपट्टा तयार. फेविकॉलचे बारीक ठिपके वाळले की रिव्हेट दिसतात.

मग त्याच प्रमाणात एक माणूस करायला सांगा. साडेपाच फुटांचा माणूस पाच सेंटीमीटरही भरत नाही. अशी ८ माणसे त्या लोखंडी पेटीत बसत. इंजिन त्यांच्या मध्येच, उघडे. उष्णता ५० अंशांपर्यंत जाई, विषारी धूर कोंडे. बाहेर गोळी आदळली की आत तापलेले लोखंडी कण उडत, म्हणून त्यांना चामड्याचे, साखळीची जाळी लावलेले मुखवटे दिले होते.

कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, हा आकडा सम्राट अशोकाने स्वतःच शिलालेखात कोरवला. युद्ध लपवले नाही, त्याचा हिशेब मांडला. आपल्या मुलांनीही तेच करावे. विहारातील प्रदर्शनात रणगाड्याशेजारी तो छोटा माणूस ठेवावा आणि कार्डावर लिहावे: ‘सोमची लढाई, १ जुलै ते १८ नोव्हेंबर १९१६. दोन्ही बाजूंचे मृत व जखमी मिळून १० लाखांवर.’

खरी जुनी वाहने पाहायची असतील, तर अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथे जुनी रोल्स रॉईस चिलखती मोटारही आहे. मंडळाने मुलांची सहल न्यावी.

तेव्हा पालकहो, पोराला रागावू नका. त्याच्या हाती पट्टी, पेन्सिल द्या. मात्र रणगाडा पुरा झाला की एकच प्रश्न जरूर विचारा, “बाळा, यातली माणसे कुठे आहेत?”

जय भीम!