जनुक दोघांचं, बोल एकटीला



जनुकशास्त्राचा विषय बैठकीत निघाला की काही जणी वही मिटतात. हे प्रयोगशाळेतलं, यात आपलं काय काम, असं वाटतं. पण हे शास्त्र कधीच आपल्या दारात येऊन पोचलं आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत काम करणाऱ्यांना ते रक्ततपासणीच्या कार्डाच्या रूपात भेटतं. म्हणून यावेळी सिकलसेलविषयी लिहिते आहे.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली की कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोघांची कार्डं जुळवून पाहा, असं सांगितलं जातं.

यामागचं शास्त्र अवघड नाही. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराएवढा बदल होतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती फक्त वाहक असते, तिला सहसा त्रास होत नाही. दोन्ही बदललेल्या असतील तर ती रुग्ण. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन निर्दोष असेल तर मूल रुग्ण होत नाही. मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून वाहकाचं काही प्रमाणात रक्षण होतं, म्हणून तर हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं. तो कुळाला लागलेला डाग नाही.

निसर्गाने वाटणी अशी निम्मी-निम्मी केली. समाज मात्र ती तशी ठेवत नाही. मुलाचं कार्ड ट्रंकेत राहतं, मुलीचं गावभर होतं. सोयरीक मोडते ती तिची. मूल आजारी निघालं तर ‘हिच्या माहेरचं रक्तच तसलं’ हेही तिनेच ऐकायचं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं, हे ठाऊक असूनही मुली झाल्या म्हणून बाईलाच टाकणारा समाज आहे हा. त्याच्या हाती नुसतं कार्ड देऊन भागणार नाही.

आपल्या चळवळीला याचा चांगला अनुभव आहे. गर्भजलपरीक्षा आली ती आनुवंशिक दोष शोधायला; १९८०च्या दशकात ती मुली शोधायला वापरली गेली. आपण लढलो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २००३ मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. तंत्र आलं की त्याची मागणी समाज आपल्या रीतीने घडवतो, ती अशी.

याच कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी दिली आहे, आणि ती योग्यच आहे. गर्भ ठेवायचा की नाही हे त्या बाईने ठरवायचं, हा आपला आग्रह कायम आहे. पण उपकेंद्रात औषध नाही, रक्तासाठी जिल्ह्याच्या गावी धाव घ्यायची, घरचे डोळे वटारून बसलेले, अशा वेळी तिने जे केलं त्याला तिची निवड म्हणायचं का? सिकलसेल घेऊन जगणाऱ्या, शिकणाऱ्या, संसार करणाऱ्या बाया आपल्यात आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. ‘निर्मूलन’ हा शब्द त्यांच्या कानांवर कसा पडत असेल? आजार संपवायचा आहे की आजारी माणसं?

ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस या आजारावर जनुकसंपादनाचा उपचार मान्य झाला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यांच्या जनुकात बदल करून परत दिल्या जातात. हे मोठं काम आहे, त्याचं स्वागतच करू. पण अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली, आणि त्याआधी द्याव्या लागणाऱ्या जहाल औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. इकडे हायड्रॉक्सियुरिया ही जुनी गोळी नियमित मिळाली तरी वेदनेचे झटके कमी होतात. धडगावच्या पोरीला आधी ती गोळी वेळेवर मिळायला हवी.

तेव्हा आपल्या गटांनी काही गोष्टी लावून धरायला हव्यात. गरोदर बाई वाहक निघाली की तिच्या नवऱ्याचीही तपासणी झालीच पाहिजे. कार्ड ज्याचं त्याच्याच हातात द्यावं. शाळेत, चावडीवर नावं वाचली जाऊ नयेत. समुपदेशन तिच्या बोलीत व्हावं, सासूपुढे नव्हे, तिच्याशी एकटीशी. आणि तपासलेल्यांच्या आकड्याबरोबर किती रुग्णांना औषध मिळालं तो आकडाही आरोग्य खात्याकडे मागू या.

आपापल्या भागात काय दिसतं ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवते आहे.