सेल्फ थांबत नाही? आधी तपासणी विका, मग पार्ट

गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतं आणि म्हणतं, "चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो." तुम्ही काय सांगता? कर्जत-खालापूरकडच्या गॅरेजवाल्यांकडून मला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "सेल्फ बदलायचा."

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सेल्फ खपला तर गल्ला माझाच भरतो. तरी सांगतो, हे उत्तर तुमच्या धंद्याला महागात पडतं.

खालापूरकडच्या एका मित्राने असाच नवा सेल्फ बसवला. बॅटरी जोडली, आणि सेल्फ परत सुरू! चिकटला होता रिले. इलेक्ट्रिकल माल परत होत नाही. पैसे कोणी भरायचे यावरून वाद झाला आणि जुनं गिऱ्हाईक तुटलं.

सेल्फ फिरतोय म्हणजे त्याला कुठून तरी करंट मिळतोय. कुठून, ते शोधा.

१. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल लगेच काढा. ठिणगी उडेल, तोंड लांब ठेवा. सेल्फ काही सेकंदांसाठीच बनलेला असतो. फिरत राहिला तर वायर जळते, आग लागू शकते.

२. सोलेनॉइडची बारीक वायर काढा, बॅटरी जोडा. तरी फिरला? सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. थांबला? दोष मागे आहे, सेल्फला हात लावू नका.

३. बारीक वायर परत लावा, रिले काढा. तरी फिरला, तर वायर कुठेतरी दुसऱ्या करंटच्या वायरला चिकटली आहे. थांबला, तर रिलेच्या सॉकेटमध्ये स्विचकडून येणाऱ्या पिनवर टेस्ट लॅम्प लावा. चावी बंद असताना लॅम्प लागला तर इग्निशन स्विच किंवा त्याच्याकडून येणारी वायर खराब. नाही लागला तर रिले. जुन्या गाडीत रिले नसेल, तर वायर आणि स्विच दोन्ही बघा.

कधी कधी टर्मिनल काढल्यावर चिकटलेलं आपोआप सुटतं. "झालं काम" म्हणून गाडी सोडू नका, ते परत चिकटणार.

आणि चिकटलं का, तेही बघा. बॅटरी उतरलेली किंवा अर्थिंग ढिलं असलं की सोलेनॉइड कटकट करतो, कॉन्टॅक्टवर ठिणग्या पडतात आणि ते जोडले जातात. आपल्याकडच्या पावसात टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरतेच. ती साफ न करता नवा पार्ट टाकलात, तर तोही जाईल.

आता मुद्द्याचं. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे, पण आपण त्याचे पैसे मागायला लाजतो. मग मेहनत पार्टच्या नफ्यातून काढावी लागते, आणि म्हणून पार्ट बदलायचा मोह होतो. डॉक्टर तपासणीची फी घेतो, तेव्हा आपण वाद घालतो का?

उद्या दुकान उघडलं की पाटी लावा: "इलेक्ट्रिकल तपासणी २०० रुपये. काम इथेच केलंत तर बिलातून वजा." आकडा तुमच्या गावाप्रमाणे ठेवा. दोष सापडला की गिऱ्हाइकाला लॅम्प लागलेला दाखवा, काढलेला रिले हातात द्या.

दोनशे रुपये देऊन सेल्फचा खर्च वाचलेला माणूस पुढच्या वेळी थेट तुमच्याकडेच येतो. मी एक सेल्फ कमी विकेन, चालेल. तुमचं गॅरेज टिकलं, तर माझं दुकान टिकेल.