पायाखालचा उस्मान

पावणे एमआयडीसीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात आमचे एक स्नेही लेकीच्या नव्या घरासाठी सोफा सांगायला गेले. मी सोबत होतो. मालकाने बिलात शेवटी लिहिले, 'ऑटोमन, दोन नग.' म्हणजे पाय ठेवायची, गादी बसवलेली बुटकी चौकी. स्नेही भडकले. कुठल्याशा जलशात त्यांनी ऐकले होते की हे नाव म्हणजे हजरत उस्मान (रजि.) यांची विटंबना, मुसलमानाने ही वस्तू घरात आणू नये.

अशा रागाला आपल्याकडे फार लवकर टाळ्या मिळतात. माहिती मात्र कुणी विचारत नाही.

हा उस्मान तिसरे खलिफा नव्हेत. सुमारे 1299 मध्ये अनातोलियात राज्य उभारणारा तुर्क सरदार उस्मान, त्याच्या घराण्याचे हे नाव. तुर्क स्वतःला 'उस्मानली' म्हणत; युरोपीय जिभांवर त्याचे 'ऑटोमन' झाले. अठराव्या शतकात फ्रान्सच्या श्रीमंतांना तुर्की थाटाचे वेड लागले. बैठकीच्या एका आसनाला त्यांनी ते नाव दिले. पुढे इंग्रजीत ते पायाखालच्या चौकीपर्यंत उतरले. यात अपमान नव्हता, फॅशन होती. 1922 मध्ये सल्तनत आणि 3 मार्च 1924 रोजी खिलाफत बरखास्त केली ती अंकाराच्या तुर्की संसदेनेच. त्या खिलाफतीसाठी मुंबईत आपल्या आजोबांनी वर्गण्या गोळा केल्या होत्या. आणि आजचा तुर्क या चौकीला काय म्हणतो? 'पुफ'. फ्रेंचांकडून घेतलेला शब्द! फ्रेंचांनी तुर्काचे नाव घेतले, तुर्काने फ्रेंचांचे. कुणी कुणावर रागवायचे?

स्नेह्यांना म्हटले, चौकीवर एवढा राग, मग सोफ्याचे काय? तो शब्द अरबी 'सुफ्फा'वरून आला आहे. मस्जिदे नबवीतल्या ज्या ओट्यावर असहाबे सुफ्फा राहत, तोच शब्द. त्यावर तर आपण खुशाल मांडी ठोकून बसतो. स्नेही गप्प झाले, पण पटले नव्हते.

खरी गोष्ट पुढे घडली. मालक बोलत बोलत हिशेब लिहीत होते : तक्के चार, दिवाण एक, एकूण रक्कम, जमा, बाकी. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. ही काही आमची फुशारकी नव्हे. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 1925 मध्ये 'फार्शी-मराठी कोश' काढून अशा शब्दांची नोंद केली. (पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हा भाग वेगळा.) शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारातले असे शब्द काढायचे ठरले, तरी 'रक्कम' आणि 'बाकी' गेले नाहीत. ते शब्द रोज वापरणारे मालक पावती फाडून हसत म्हणाले, "मुसलमान असून तुमचं मराठी किती छान आहे हो!"

माझे आजोबा मराठी शाळेत शिकले, वडील मराठी शाळेत शिकवीत. या वाक्याचे उत्तर मला आजवर नीट देता आलेले नाही.

आणि स्नेही? दोन पिढ्यांच्या मराठीला परकी ठरवणाऱ्या त्या वाक्यावर ते खूश झाले. "शुक्रिया, शुक्रिया," म्हणत त्यांनी मालकाचा हात हातात घेतला. ऑटोमन मात्र बिलातून खोडायला लावले.