पावती मागा, मगच पैसे द्या

रविवारी सकाळी आमच्याकडे कागद दाखवायला येणाऱ्या पोरांच्या हातात हल्ली जातपडताळणीच्या फॉर्मपेक्षा दुबई-कतारचे कागद जास्त असतात. कुणी आयटीआयचा वेल्डर, कुणी एसीचं काम शिकलेला, कुणी नुसता हेल्पर. इथे कंत्राटदार अकरा महिन्यांनी ब्रेक देतो, फंड कापतो पण भरत नाही. मग पोरगा अंधेरी-साकीनाक्याकडच्या एखाद्या ऑफिसात जाऊन येतो आणि रात्री घरात बैठक बसते. एक लाख वीस हजार कुठून उभे करायचे? आमचं म्हणणं, हा पहिला प्रश्नच नव्हे. हे पैसे कशाचे, हे आधी विचारा.

एजंट म्हणतो, ‘व्हिसाचे.’ आता संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबई-अबुधाबीचा, कामगार कायदा पाहा. २०२१ साली तो नव्याने झाला आणि फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. माणूस आणण्याचा, भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कतारच्या २००४ च्या कायद्यातही भरतीसाठी कामगाराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ सालीच तसा ठराव केला, पण आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही. आपल्याकडे नोंदणी असलेल्या एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. अठरा टक्क्यांनी ३५,४०० झाले. तेही पावती देऊन. मग उरलेले ८४ हजार सहाशे कोणत्या खात्यात गेले? मालकाने द्यायचा खर्च आमच्या पोराने दिला, किंवा दोघांकडूनही घेतला गेला. पावती मागितली की एजंट हसतो आणि म्हणतो, ‘विश्वास नाही का?’ नाही म्हणावं. व्यवहारात विश्वासाची जागा पावतीने भरायची असते.

आम्ही हिशेबनीस माणूस. म्हणून हा हिशेब कागदावर मांडूनच दाखवतो. एक लाख वीस हजार वस्तीतल्या सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी घेतले, तर पहिल्या महिन्याचं व्याज ३,६००. पोरगा पोटाला चिमटा घेऊन महिन्याला १२ हजार पाठवतो असं धरा. मुद्दल-व्याज मिळून फिटायला बारा महिने पुरे लागतात, वर थोडी बाकी राहतेच. करार दोन वर्षांचा. म्हणजे पहिलं अख्खं वर्ष तो सावकारासाठी राबला. आणि हे वर्षच घातकी असतं. पगार ठरल्यापेक्षा कमी दिला, ओव्हरटाइम बुडवला, बेकायदा असूनही पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, तरी तो परत येऊ शकत नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे. पण डोक्यावर कर्ज असलेला माणूस मुकादमाला नियम सांगायला धजत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला नोकरी विकत घ्यावी लागत नव्हती, असं म्हटलं तर ते फार गोड चित्र होईल. वशिले तेव्हाही होते. पण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड फुकट निघायचं. ही व्यवस्था १९४५ साली युद्धातून सुटलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. १९४८ साली ती सर्वांना खुली झाली. काम मागणाऱ्याने दलाली द्यायची नाही, हे तत्त्व तेव्हा सरकारी होतं.

आता एक गोष्ट, जी ऐकून आयाबाया चमकतात. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असं छापलेलं असतं. असा माणूस आखाती देशांसह अठरा देशांत कामाला निघाला, तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयाची परवानगी लागते. तिथे करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी विमा काढावा लागतो. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि कर, इतका किरकोळ. पण पोरगा दहावी पास असला, तर परवानगी लागत नाही. म्हणजे आपण उपाशी राहून त्याला दहावी केलं, आयटीआय केलं, आणि त्याच कारणाने त्याचा कागद कुणी बघत नाही. २०१८ च्या शेवटी सरकारने अशांनाही नोंदणी सक्तीची केली होती, आठवड्या-दोन आठवड्यांत तो हुकूम बाजूला ठेवला. तेव्हा शिकलेल्याचा कागद शिकलेल्या घरानेच वाचायचा आहे.

वाचायचा कसा? एजंटाचा नोंदणी क्रमांक घ्या आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर घरच्या मोबाईलवर तपासा. बिननोंदणीच्या दलालाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दंड मात्र दोन हजार रुपये, १९८३ सालच्या भावाने! करारात मूळ पगार वेगळा, ओव्हरटाइम वेगळा, राहणं-खाणं कुणाचं, परतीचं तिकीट कुणाचं, हे लिहिलेलं हवं. राहण्याची ओळ वाचल्याशिवाय पान उलटू नका. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि सुमारे ४५ भारतीय गेले. इथे सही केलेला करार आणि तिकडे विमानतळावर पुढे केलेला कागद एकच आहे का, तेही पाहायला पोराला सांगून ठेवा. आणि एजंट ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बदलू’ म्हणाला, तर तिथून उठून यायचं. व्हिजिटवर गेलेला माणूस कायद्याच्या नजरेत कामगारच नसतो.

महिला मंडळात आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण घरकामासाठी बोलावणाऱ्या बायाही वस्तीत फिरतात. ईसीआर पासपोर्टच्या तीस वर्षांखालच्या बाईला त्या अठरा देशांत कामाला पाठवता येत नाही. तिशीवरच्या बाईलाही २०१६ पासून फक्त सरकारी संस्थांमार्फतच पाठवता येतं. खासगी दलाली इथे मुळातच बेकायदा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. भाषेच्या शिकवणीचा खर्च सरकारने उचलायचं ठरलं. तेव्हा जर्मनीच्या नावाने कुणी रोख रक्कम मागू लागला, तर सरकारी आदेशाची प्रत मागा.

प्रोटेक्टरचं मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. शंका असेल तर पैसे देण्याआधी, नंतर नव्हे, कागद घेऊन तिथे जा. आणि पोरगा निघाला की सगळ्या कागदांचे दोन झेरॉक्स संच करा. पासपोर्ट, व्हिसा, करार, पावती, एजंटाचा क्रमांक, तिकडच्या कंपनीचा पत्ता. एक संच त्याच्या बॅगेत, एक घरी आईच्या ट्रंकेत. तिला वाचता येत नसलं तरी चालेल, कागद कुठे ठेवलाय ते तिला ठाऊक हवं.